आखाजीला पूजलेलं मशीन

मला राग लवकर येतो, असं माझ्या सासरी सगळे म्हणतात. माझं म्हणणं वेगळं आहे. राग लवकर येत नाही, लोक लवकर आणतात. त्या उन्हाळ्यात तर आणणाऱ्यांची रांगच लागली होती.

जळगावात एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढायचे. आधी बोर्डावर, मग कॉम्प्युटरवर, मग थ्रीडी आलं तेही शिकले. घर बांधून झाल्यावर कसं दिसेल ते मी स्क्रीनवर उभं करायचे, अगदी जिन्याच्या कठड्यापासून दारातल्या तुळशीपर्यंत. पार्टी खूश झाली की साहेब म्हणायचे, "हे मी केलंय." मी बाजूलाच बसलेली असायचे. एकदा हेच बोलून झालं आणि वर मला म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना चहा सांगा जरा." मी चहा सांगितला, पर्स उचलली आणि घरी निघाले.

साहेब दारापर्यंत मागे आले. समजूत काढायला नाही. म्हणाले, "मशीनवर बसणं वेगळं आणि मशीन सांभाळणं वेगळं. जा, चार दिवस घरी बसून बघा. खुर्ची ठेवतो तुमची." ती खुर्ची ठेवतो म्हणाले ना, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

पण नुसता राग करून चूल पेटत नाही. माझ्या नशिबाने चोपड्याचं एक जोडपं होतं, केळीवाले. त्यांच्या भावाच्या बंगल्याचा नकाशा मीच काढला होता आणि त्यातल्या बाईंनी ते बरोबर हेरलं होतं. त्या थेट माझ्या घरी आल्या. "आमचा बंगला तुम्हीच काढा. साहेबबिहेब मधे नको," म्हणाल्या. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी दोघं थ्रीडी बघायला येणार होते. आवडलं तर त्यांच्या भाऊबंदांची कामं माझ्याकडेच येणार होती. म्हणजे सोमवार जमला तर माझं घरचं ऑफिस सुरू, आणि नाही जमला तर ती खुर्ची होतीच.

घरात मशीन मात्र नव्हतं. मिस्टर वरणगावला नोकरीला, त्यांना कॉम्प्युटरमधलं बटण दाबण्यापलीकडे काही कळत नाही आणि ते तसं कबूलही करतात. कळणारा एकच, माझा दीर. तो धुळ्याला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. म्हणाला, "वहिनी, तयार घेऊ नका, फसवतात. सुटे भाग मागवू, मी येऊन जोडून देतो." बोलला तसा आखाजीला आला. पुढच्या खोलीतल्या टेबलावर त्याने सगळं मांडलं आणि दुपारपर्यंत जोडलं. बोर्ड, प्रोसेसर, वर तो मोठा पंखा, खाली ग्राफिक्स कार्ड. फक्त रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बसवायची राहिली, कारण तिचं कुरिअर अडकलं होतं, म्हणून कॅबिनेटची पेटी आडवी, झाकण काढूनच ठेवली.

आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा काकणभर सरसच. माहेरवाशिणी आलेल्या असतात, घागर पूजायची असते, आमरस असतो, सांजोऱ्या असतात. माझे हात कोपरापर्यंत रसात बुडालेले, तेवढ्यात सासूबाई पूजेचं ताट घेऊन कॉम्प्युटरपुढे उभ्या राहिल्या.

सासूबाई धुळ्याकडच्या खेड्यातल्या. आयुष्य जळगावात गेलं तरी बोलणं बदललं नाही. त्या दिवसभर खिडकीपाशी बसून साड्यांना फॉल लावतात, तेही हाताने. मी कितीदा म्हटलं, आई, शिलाई मशीन आणू, डोळे जातील तुमचे. एकच उत्तर, "हातना फॉल टिकस." मला वाटायचं, हट्ट आहे म्हातारीचा.

दीर त्यांना म्हणाला, "आई, अर्धवट मशीनची कसली पूजा? अजून रॅम यायची आहे. चालूपण होणार नाही."

"आज आखाजी शे," सासूबाई म्हणाल्या. "आजच व्हई."

असा आवाज त्या कधी लावत नाहीत. मी सुद्धा स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. दीर बाजूला झाला. त्यांनी कॅबिनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, हळद लावली, अक्षता टाकल्या, पायरीवर नारळ फोडला. मी दारातूनच बरबटलेले हात जोडले आणि परत रसाकडे वळले. संध्याकाळी दीर धुळ्याच्या बसने गेला.

रॅम आली ती शुक्रवारी. दीर म्हणाला, "सोप्पं आहे वहिनी. व्हिडिओ कॉल लावा, मी सांगतो तसं करा." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तो तिकडे धुळ्यात पंख्याखाली चहा पितोय, मी इकडे बेचाळीसच्या उन्हात कूलर बंद करून बसलेली, कारण कूलरची ओली हवा मशीनला नको, असं त्याचंच फर्मान. कॅबिनेटच्या तळाशी पूजेचे थोडे दाणे सांडले होते, ते मी ब्रशने झटकून काढले. मग रॅमची पट्टी हातात धरली. बोर्डावर तिच्यासाठी चार काळ्या खाचा होत्या.

"पुस्तकात लिहिलंय, एकच पट्टी असेल तर दुसऱ्या खाचेत," तो म्हणाला. "बरोबर दुसरी. आणि दाबा. दोन्हीकडून टक् असा आवाज आला पाहिजे."

एकीकडून टक् आला. दुसरीकडून येईना. मी दाबलं. अजून दाबलं. शेवटी कसाबसा खटका लागला.

"जरा घट्ट वाटतंय भाऊ," मी म्हटलं.

"नवीन आहे, घट्ट असणारच."

बटण दाबलं. पंखे फिरले, आतले रंगीत दिवे लागले, माझ्या जिवात जीव आला. आणि स्क्रीन काळी. मधोमध पांढरी अक्षरं, नो सिग्नल. थोड्या वेळाने तीही गेली आणि स्क्रीन झोपून गेली.

मग सुरू झाला तो सगळा तमाशा. केबल काढून लावली. वायर बोर्डात लावली नाही ना, कार्डातच लावली ना, हे पन्नासदा बघितलं. तीच स्क्रीन टीव्हीच्या डब्याला जोडली तर त्यावर कीर्तन छान दिसलं, म्हणजे स्क्रीन ठणठणीत. कार्ड काढून परत बसवलं. बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून ठेवला आणि परत लावला. पट्टीची सोनेरी दातेरी बाजू माझ्या जुन्या ड्रॉइंगच्या खोडरबराने घासली, कारण तसं करतात म्हणे. दरवेळी पंखे फिरायचे, दिवे नाचायचे आणि बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीकसा पिवळा दिवा लागून राहायचा.

तो दिवा मी फोनवर दाखवला. दीर तिकडे फोनजवळ तोंड आणून बघत म्हणाला, "हा रॅमचा दिवा आहे. वहिनी, तुमची रॅम नीट बसली नाहीये."

"बसली आहे. खटका लागलाय."

"जोर कमी पडतोय तुमचा. बायकांच्या हाताने होतं असं."

मी फोन उलटा ठेवला टेबलावर. तो हॅलो हॅलो करत राहिला. मी रोज ज्या हाताने कणीक तिंबते, ज्या हाताने भरलेला सिलेंडर गॅलरीतून आत ओढते, त्या हाताला जोर कमी. बोटभर पट्टी दाबायला जोर कमी. आणि त्याने जे काही जोडलं ते सगळं बरोबर, मी जी एक वस्तू लावली तीच चूक. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसऱ्या दिवशी रिक्षा केली, कॅबिनेट मांडीवर घेतलं आणि बाजारातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने झाकणही नीट उघडलं नाही.

"कुठून घेतलं?"

"सुटे भाग मागवले. ऑनलाइन."

"मग ऑनलाइनवालाच दुरुस्त करेल."

मी म्हटलं, बघायला तर काही हरकत नाही ना. त्याने बटण दाबलं, काळी स्क्रीन बघितली आणि विचारलं, "रॅम कोणी बसवली?"

"मी."

तो हसला. दुकानातला दुसरा गिऱ्हाईकही हसला, त्याचं काय जात होतं कोण जाणे. "मग झालं," दुकानदार म्हणाला. "साडीतला करंट लागला असेल. बोर्ड गेला तुमचा. ठेवून जा, आठवड्याने सांगतो."

मी सुती साडी नेसले होते, तिच्यात कसला आलाय करंट. तसं त्याला सांगितलंसुद्धा. आणि हेही सांगितलं की न बघता बोर्ड गेला म्हणायला दुकान लागत नाही, ते माझ्या गल्लीतला भाजीवालाही सांगेल. कॅबिनेट उचललं आणि तशीच घरी आले. सासूबाई पाणी घेऊन पुढे आल्या. मी त्यांच्यावरही खेकसले, "राहू द्या, नकोय." वड्याचं तेल वांग्यावर. त्यांनी तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या.

रविवार उजाडला. सकाळी चोपड्याच्या बाईंचा फोन, उद्या अकरापर्यंत पोहोचतो म्हणून. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? फोन ठेवतेय तोच दुसरा वाजला. साहेब.

"काय मॅडम, मशीन घेतलं म्हणे." यांना कोणी सांगितलं देव जाणे. जळगाव तसं गावच आहे. "लागत नाही म्हणे स्क्रीन. असं होतं. मी म्हटलं नव्हतं का? चोपड्याच्या पार्टीला इकडे घेऊन या उद्या. इथलं मशीन चालू आहे. मी बोलतो त्यांच्याशी, तुम्ही फक्त माउस हलवा."

तुम्ही फक्त माउस हलवा. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बोलले असते तर जे तोंडातून निघालं असतं ते सासूबाईंसमोर निघायला नको होतं. फोन बंद केला आणि कॅबिनेटपुढे जाऊन बसले. खरं सांगायचं तर तेव्हा मला रडू येत होतं, पण रागाने. ती खुर्ची मला डोळ्यांपुढे दिसत होती. तिच्या उजव्या हाताचा फोम फाटलाय, तिथे मी सेलोटेप लावला होता.

मनात आलं, सगळ्यांचं ऐकून झालं. पुस्तकाचं ऐकलं, भाऊंचं ऐकलं, दुकानदाराचं ऐकलं. खड्ड्यात गेली ती दुसरी खाच. प्लग काढला, पट्टी उपसली आणि चौथ्या खाचेत घातली. घातली म्हणजे काय, ती आपसूक गेली. दोन्हीकडून टक्, टक्. लोण्यात सुरी जावी इतकी सहज. मी तशीच थांबले. इतकं सोपं असतं तर परवापासून मी काय दाबत होते?

प्लग लावला, बटण दाबलं. पंखे फिरले. पिवळा दिवा लागला आणि विझला. स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह आलं.

मी ओरडले वगैरे नाही. दोन्ही हात टेबलावर टेकवून उभी राहिले. सासूबाईंनी खिडकीतून मान वळवली. "लागं का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

पण माझा स्वभाव. चाललं तर चालू दे, असं मला जमत नाही. माझा हात चुकला नव्हता तर चुकलं काय होतं? परत बंद केलं, प्लग उपसला आणि मोबाइलचा टॉर्च त्या दुसऱ्या खाचेत मारला. आत काळोख. नीट तिरकं धरून बघितलं तर तळाशी काहीतरी काळपट लाल चिकटलेलं दिसलं.

"आई, तुमची सुई द्या जरा."

त्यांनी फॉलमधली सुई दोरा तोडून आणून दिली आणि माझ्या खांद्यापाशीच उभ्या राहिल्या. कोणी जाणकाराने बघितलं असतं तर ती सुई त्याने हातातून काढून घेतली असती, पण मी नकाशात केसाएवढ्या रेघा मारणारी बाई आहे. हळूच टोकरलं. एक तुकडा सुटला, मग दुसरा. तळहातावर घेतले. तांदूळ. माझ्याच दाबण्याने चेपलेला, कुंकवाने लाल झालेला एक दाणा.

सासूबाई वाकल्या.

"हाऊ मना दाना शे का?"

इथे एखादी शहाणी सून गप्प बसली असती. मी नाही बसले. "हो, तुमचाच आहे," मी म्हटलं. "तुमच्या अक्षतांनी माझा जीव खाल्ला परवापासून. बाहेर टाकायच्या सोडून आत कशाला उडवल्या? सगळं गाव माझ्या हातावर हसलं. उद्या मला त्या साहेबाच्या पायाशी जाऊन बसावं लागलं असतं, या एका दाण्यापायी."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडायला माणूस मिळालं असतं. टेबलाची कड धरून म्हणाल्या, "उडाला नही. मीच मझार टाका. वरतून टाकेल तांदूय खाले पडी जातस. मझार टाका म्हंजे मशीन घरमा राहस." मझार म्हणजे आत.

मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. लग्नात त्यांच्या वडिलांनी त्यांना शिलाई मशीन दिलं होतं, पायाचं. त्यावर त्या गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायच्या. पहिल्याच आखाजीला नणंद माहेरी आली. दोन दिवस तिने ते चालवून बघितलं, तिला आवडलं. आखाजीला आलेल्या लेकीला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून जाताना घरच्यांनी ते मशीन बैलगाडीत चढवून दिलं. सासूबाई तेव्हा विहिरीवर पाण्याला गेल्या होत्या. परत आल्या तर ओट्यावर चाकांच्या खुणा.

"माले कोनी इचारं नही," त्या म्हणाल्या. "मनी सासू बोलनी, पूजा करेल नव्हती त्यानी, म्हनीसन गयं."

म्हणजे दुसऱ्याची वस्तू उचलून द्यायची आणि वर जिची गेली तिलाच सांगायचं की तूच पूजा केली नाहीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्या नणंदेचं धुळ्यातलं घर मी बघितलंय. ते मशीन आजही तिथे आहे, कोपऱ्यात, चादर टाकून. त्याच्यावर टीव्ही ठेवलाय. त्याच्यासमोर बसून मी आणि सासूबाईंनी कितीदा तरी चहा घेतलाय, आणि या बाईने एकदाही तिकडे बोट दाखवलं नाही. घरी येऊन आपली हाताने फॉल लावत बसायची. मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला, मेलेल्यांचासुद्धा. माझाही आला, पण तो नंतर.

तेवढ्यात दिराचा फोन आला. व्हिडिओच होता. "लागलं," मी म्हटलं तसा तो खुर्चीतून उठलाच. "लागलं? काय होतं वहिनी?"

मी तळहात मिटला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या लेकाला हे कळलं असतं तर त्याने मनापासून हसून घेतलं असतं, तो तसा वाईट नाही. मग त्याच्या बायकोला कळलं असतं, मग धुळ्याला त्याच्या आत्याबाईंना, म्हणजे त्याच नणंदेला. आणि पुढची प्रत्येक आखाजी म्हातारीच्या तांदळावर हसण्यात गेली असती. त्या घरात, त्या टीव्हीसमोर बसून.

"रॅमच होती भाऊ," मी म्हटलं. "नीट बसली नव्हती."

"बघा. मी म्हटलं नव्हतं? जोर कमी पडला तुमचा."

"हो," मी म्हटलं. "कमी पडला."

एवढं बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. नकाशा कागदावर तयार होताच, रात्रभर बसून थ्रीडी उभं केलं. सोमवारी चोपड्याची मंडळी आली, बंगला बघून बाईंनी जिना तेवढा बदलायला सांगितला, आणि साहेबांना मी माझ्या तोंडाने कळवलं की खुर्ची कोणालाही द्या. ते सगळं गोडच झालं. पण भाऊ ही गोष्ट अजून सांगतो. दर आखाजीला, भरल्या पंगतीत. वहिनींनी रॅम कशी बसवली, बायकांचा जोर, मग त्याने धुळ्याहून बसल्या बसल्या कसं ओळखलं. सगळे हसतात. मी दातओठ खात त्याच्या वाटीत रस वाढते आणि एक शब्द बोलत नाही. रागीट म्हणून माझी एवढी ख्याती, पण हे कोणाच्या लक्षात येत नाही.

त्या रविवारी मी फोन ठेवला. मी हातातला तांदूळ पुडीत बांधून त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी कमरेला खोचला. मग टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून माझ्यापुढे धरला.

"आते झाकन लाई दे," त्या म्हणाल्या. "उघडं ठेवू नको."

मी झाकण लावायला घेतलं. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी एकेकावर बोट ठेवून तो हलत तर नाही ना ते बघितलं, आणि मग सुई घेऊन फॉल लावायला जाऊन बसल्या.